कांद्याची वही: पहिलं मोबाइल ॲप लिहायला बसलेल्यांसाठी

माझे मामा चांदवड तालुक्यात कांदा करतात. त्यांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फडताळात प्लास्टिकची एक पिशवी असते, तिच्यात वर्षभराच्या हिशेबपट्ट्या. कोणत्या गाडीला काय भाव लागला, हमाली-तोलाई किती गेली, हातात काय आलं, सगळं त्या पिशवीत आहे. पण "गेल्या उन्हाळ कांद्याचे एकूण किती झाले?" असं कोणी विचारलं की मामा पिशवीकडे बघतात आणि गप्प बसतात. मी लिहिलेलं पहिलं कामाचं ॲप म्हणजे या पिशवीची वही.

त्याआधी शिकवण्या बघून सात-आठ ॲपं केली होती. कामांची यादी, हवामान, कॅल्क्युलेटर. सगळी चालली. पण ती वापरणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्यात काय कच्चं आहे ते मला कधी कळलंच नाही. कळवण, सुरगाणा, येवला इथून नाशिकला शिकायला आलेली मुलंमुली आता मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांना मी जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरण सगळीकडे कांद्याच्या वहीचं घेतलं आहे. तुम्ही तुमचं घ्या: द्राक्षबागेची फवारणी, काकूंच्या पापड-कुरडयांच्या ऑर्डरी, सातपूरच्या वर्कशॉपमधली हत्यारांची नोंद.

आधी माणूस, मग भाषा

ज्याला रोज भेटता येईल किंवा निदान रविवारी गाठता येईल असा एक माणूस निवडा. त्याचं एक काम निवडा. ते काम तो आज कागदावर कसं करतो ते शेजारी बसून बघा आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. मामांच्या पट्टीवर जे रकाने होते तेच माझ्या डेटाबेसचे रकाने झाले: तारीख, बाजार समिती, आडत्या, वजन, भाव, कपात, निव्वळ रक्कम. मी स्वतःच्या डोक्याने एक "ग्रेड" नावाचा रकाना घातला होता, तो मामांनी एकदाही भरला नाही. त्यांना हवा होता "गोल्टी" हा वेगळा रकाना, कारण बारीक कांद्याची गाडी वेगळी लागते आणि तिचा भाव वेगळा निघतो.

मग भाषा. यावर मुलं महिना-महिना वाद घालतात, त्यामुळे थोडक्यात सांगतो. तुमच्या माणसाकडे अँड्रॉइड फोन असेल आणि तुम्हाला फोनच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यायचं असेल तर कोटलिन घ्या. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिलं स्थान दिलं. एकाच कोडमधून आयफोनसाठीही ॲप काढायचं असेल तर फ्लटर घ्या (तिची भाषा डार्ट), पण आयफोनचं ॲप बांधायला शेवटी मॅक लागतोच हे लक्षात ठेवा. दोन्ही चांगल्या आहेत. जी घ्याल ती सहा महिने सोडू नका.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा असेल तर इम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनच्या, नादी लागू नका. ॲप लिहायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि इम्युलेटर एकत्र चालले की मशीन रांगायला लागतं आणि दोष आपल्या कोडचा की मशीनचा हेच कळत नाही. खरा फोन जोडा. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर "बिल्ड नंबर"वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू करा. अँड्रॉइड ११ पासून वायरशिवाय वायफायवरूनही जोडता येतो. आणि हा फोन घरातला जुना, हळू, कोपऱ्यात तडकलेला असला तर उत्तम. तुमचं ॲप अशाच फोनवर चालणार आहे.

पैसे दशांशात ठेवू नका

आता खऱ्या कोडकडे येतो. नवख्यांच्या हिशेबाच्या ॲपमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही आहे: रक्कम "डबल" या दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवलेली असते. संगणक ते आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांकही त्याला नेमका साठवता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून छापली की ०.३०००००००००००००००४ येतं. एका पट्टीत हा फरक दिसत नाही. हंगामभराच्या पट्ट्यांची बेरीज करून ती आडत्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळते का असं कोडला विचारा, आणि एके दिवशी ते "नाही" म्हणेल.

उपाय सोपा आहे. पैसे पैशांत ठेवा, पूर्णांकात. कांद्याच्या बाबतीत तर यात एक गंमतीची सोय आहे. भाव क्विंटलला असतो, म्हणजे १०० किलोला, आणि रुपयात पैसेही १००. त्यामुळे वजन किलोत घेतलं आणि भाव रुपये प्रति क्विंटल घेतला तर दोघांचा गुणाकार थेट पैशांत उत्तर देतो, कुठेही भागाकार करावा लागत नाही. २३ क्विंटल ४५ किलो म्हणजे २३४५ किलो. भाव १,८५१ रुपये. गुणाकार ४३,४०,५९५ पैसे, म्हणजे ४३,४०५ रुपये ९५ पैसे. भागाकार फक्त पडद्यावर दाखवताना, अगदी शेवटी.

पूर्णांक म्हणताना "इंट" नव्हे, "लाँग" घ्या. कोटलिनमधला इंट २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. पैशांत मोजलं तर हे २ कोटी १४ लाख रुपयांच्या जरा वर झालं. एका शेतकऱ्याला पुरेल, पण तेच ॲप उद्या व्यापाऱ्याच्या मुनिमाने वापरायला घेतलं तर हंगामाच्या मध्यावर बेरीज एकदम उणे दिसायला लागेल, आणि ॲप कोसळणारही नाही, त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधायला तुम्हाला दिवस लागतील.

तारीख आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

लिलाव १२ मार्चला झाला. ही तारीख आहे, क्षण नव्हे. नवखा माणूस ती "१२ मार्च, रात्री ००:००" असा क्षण म्हणून साठवतो. सर्व्हर, म्हणजे नोंदी जिथे जमा होतात तो दूरचा संगणक, बहुतेक वेळा जागतिक वेळेवर चालतो, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे सर्व्हरवर तोच क्षण ११ मार्च, संध्याकाळी ६:३० असा नोंदला जातो. अहवालात लिलाव एक दिवस आधी सरकतो, आणि ३१ मार्चचं आर्थिक वर्ष असेल तर १ एप्रिलची पट्टी मागच्या वर्षात जाते.

नियम असा धरा. लिलावाची, फवारणीची, जन्माची तारीख ही "लोकल-डेट" प्रकारात किंवा सरळ वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात साठवा. नोंद कधी केली, सर्व्हरला कधी गेली, असे खरे क्षण मात्र जागतिक वेळेत साठवा आणि दाखवताना भारतीय वेळेत बदला. कोटलिनमध्ये यासाठीची जावा-टाइम लायब्ररी अँड्रॉइड ८ पासून आतच आहे. त्याहून जुन्या फोनसाठी डीशुगरिंगची एक सेटिंग प्रोजेक्टमध्ये चालू करावी लागते.

मराठी मजकूर: इथे जरा थांबा

मराठी ॲप म्हणजे इंग्रजी ॲपची बटणं भाषांतरित करणं एवढंच नसतं. मला या भागाबद्दल फार वाटतं, कारण आपली बहुतेक ॲपं इथेच ढिसाळ होतात आणि वापरणारा मुकाट्याने इंग्रजीवर परत जातो.

पहिली गोष्ट अंकांची. मामांच्या कीबोर्डवर मराठी अंक येतात आणि ते बिनधास्त "१८५१" असं देवनागरीत टाइप करतात. मजकुरातून आकडा काढणारं कोटलिनमधलं टू-इंट हे देवनागरी अंक ओळखतं. डार्टमधलं इंट-पार्स ओळखत नाही, चूक फेकतं. जावास्क्रिप्टमधलं नंबर हे तर "संख्या नाही" असं उत्तर देतं. म्हणून भाषा कोणतीही असो, माणसाने भरलेला आकडा वाचण्याआधी देवनागरी अंकांना इंग्रजी अंकांत बदलणारं दहा ओळींचं एक फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

याचीच उलटी बाजू जास्त फसवी आहे. फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइडवर मजकूर बनवणारं स्ट्रिंग-फॉरमॅट हे फंक्शन आकडे देवनागरीत छापतं. पडद्यावर ते छान दिसतं. पण त्याच फंक्शनने तुम्ही फाइलचं नाव, सर्व्हरचा पत्ता किंवा पाठवायची तारीख बनवली तर सर्व्हरकडे देवनागरी अंक जातात आणि तो ती नोंद नाकारतो. तुमच्या स्वतःच्या फोनची भाषा इंग्रजी असते म्हणून तुम्हाला हे कधी दिसत नाही. यंत्रासाठी मजकूर बनवताना "लोकेल-रूट" (कोणत्याच भाषेचं नसलेलं रूप) स्पष्ट लिहा, माणसासाठी बनवताना त्याची भाषा द्या. आणि आजच एक काम करा, चाचणीच्या फोनची भाषा मराठी करून टाका.

दुसरी गोष्ट लांबीची. "नाशिक" आपल्याला तीन अक्षरं दिसतात: ना, शि, क. कोटलिन किंवा डार्टला लांबी विचारली तर उत्तर येतं पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. "क्षेत्र" हे आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं, संगणकाला सात खुणा. आता यादीत नाव लांब झालं म्हणून तुम्ही पहिल्या चार खुणा घेऊन पुढे टिंबं दिलीत की "नाशि" उरतं, तिथपर्यंत ठीक. तीनच घेतल्या तर "नाश". शहराचं नाव कापून दाखवायचा हा प्रकार कोणालाच बघवणार नाही. मजकूर स्वतः कापू नका. जागा संपली की टिंबं देण्याचं काम पडद्याच्या घटकाला सांगा, तो बरोबर जागी कापतो. खरंच मोजायचं असेल तर डार्टमध्ये "कॅरेक्टर्स" नावाचं पॅकेज आहे, अँड्रॉइडमध्ये ब्रेक-इटरेटर आहे. आयफोनची भाषा स्विफ्ट मात्र "नाशिक"ची लांबी तीनच सांगते.

तिसरी गोष्ट शोधण्याची. आडत्याचं आडनाव समजा कुऱ्हाडे. त्यातला ऱ्ह दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह येतं, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता, तिसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, पण संगणकासाठी हे वेगवेगळे शब्द आहेत. यादीत नाव समोर दिसत असताना शोधलं की "काही सापडलं नाही" येतं. युनिकोडचं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीचं, प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा मात्र ते एक करत नाही, तो बदल तुम्हाला हाताने लिहावा लागतो. "ॲ" या अक्षराचंही असंच आहे, ते सलग चिन्ह म्हणून येतं किंवा अ आणि वर चंद्र असं तुकड्यांत. म्हणून नाव साठवताना शेजारी एक "शोधासाठीचं नाव" असा रकाना ठेवा, त्यात हे सगळं एकसारखं करून ठेवा, आणि शोधाचा शब्दही त्याच चाळणीतून काढा.

चौथी गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत गावाच्या नावापुढे शब्द चिकटवला की काम होतं. मराठीत सामान्यरूप आहे. कोडमध्ये गावाचं नाव अधिक "चा भाव" असं लिहिलंत तर "लासलगावचा भाव", "कळवणचा भाव" बरोबर येतं. आणि मग सटाण्याची पाळी येते, "सटाणाचा भाव". येवल्याचं "येवलाचा". सटाण्याच्या माणसाला हे वाचताना ठेच लागते. प्रत्येक गावाचं सामान्यरूप साठवता येईल, पण वापरणारा उद्या नवं गाव लिहील. त्यापेक्षा वाक्यच बदला: "बाजार समिती: सटाणा. भाव: १,८५१." नाव मूळ रूपात राहतं आणि कुठेच चुकत नाही. त्याचबरोबर पडद्यावरचा कुठलाही मजकूर कोडमध्ये लिहू नका, स्ट्रिंगच्या फाइलमध्ये ठेवा, आणि वाक्यं तुकड्यांतून जोडू नका. अख्खं वाक्य ठेवा, मधे जागा सोडा.

पाचवी, लहान पण रोज दिसणारी: देवनागरीला उंची लागते. वर रफार, अनुस्वार, खाली उकार. बटणाची उंची आकड्यात ठरवून टाकली की "मूळ"चा दीर्घ उकार आणि "सर्वां"चा अनुस्वार कापला जातो. उंची मजकुरानुसार वाढू द्या. फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवणारे आजोबा असतात, त्यांच्यासाठी अँड्रॉइड १४ मध्ये मजकूर दुपटीपर्यंत मोठा होतो. तो तेवढा करून तुमचा फॉर्म एकदा बघाच.

नेटवर्क नसतं असं धरून चाला

मुंबईहून येताना कसारा घाटात बोगदे लागले की फोनवरचं बोलणं तुटतं, हे आपल्याला माहीत आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर एकेक टेकडी चढून रेंज शोधावी लागते. लिलावाच्या आवारात टॉवर असूनही सकाळच्या गर्दीत पान उघडत नाही. २०२७ चा सिंहस्थ आला की रामकुंडाच्या आसपास काय होईल याचा अंदाज २०१५ चा कुंभ पाहिलेल्या कोणालाही येईल. नाशिकसाठी ॲप लिहिणाऱ्याने "इंटरनेट तपासा" असा पडदा दाखवून हात झटकणं मला पटत नाही.

क्रम उलटा करा. "जतन करा" दाबलं की नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये जाते. अँड्रॉइडवर त्यासाठी रूम ही लायब्ररी आहे, तिच्या खाली एसक्यूलाइट हा डेटाबेस. पडदा नेहमी या डेटाबेसमधूनच वाचतो. सर्व्हरला पाठवायचं काम वेगळं, मागे चालणारं, अँड्रॉइडच्या वर्क-मॅनेजरला दिलेलं. रेंज आली की तो पाठवतो, फोन बंद होऊन चालू झाला तरी विसरत नाही.

यात मी एक चूक केली होती, ती सांगतो. नोंदीचा क्रमांक मी सर्व्हरकडून घेत होतो. एकदा मामांनी आवारातून नोंद पाठवली, सर्व्हरला ती पोहोचली, पण "मिळाली" हा निरोप परत येताना रेंज गेली. ॲपला वाटलं गेलीच नाही, त्याने पुन्हा पाठवली. एका गाडीच्या दोन गाड्या झाल्या आणि महिन्याची बेरीज चाळीस हजारांनी फुगली. मामांनी मला काही म्हटलं नाही, फक्त त्यांनी पिशवी पुन्हा काढली. तेव्हापासून प्रत्येक नोंदीचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी न जुळणारा क्रमांक, फोनमध्येच, जतन करताना तयार होतो. सर्व्हरचा नियम एवढाच, हा क्रमांक आधी आला असेल तर नवी ओळ घालायची नाही, असलेली बदलायची. मग तीच नोंद दहा वेळा पाठवली तरी बिघडत नाही. पुन्हा पाठवताना दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत जा, म्हणजे सर्व्हर अडकला असताना शंभर फोन त्याच्यावर सतत धडकत राहत नाहीत.

आणि नोंदीशेजारी लहानशी खूण दाखवा: फोनमध्ये आहे, की सर्व्हरवरही पोहोचली. माणसाला भरवसा त्या खुणेने येतो.

ॲप मधेच मारलं जातं

मामा फॉर्म भरत होते. वजन टाकलं, भाव टाकला, पट्टीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला. परत आले तर फॉर्म कोरा. माझ्या फोनवर हे कधीच झालं नव्हतं. कारण साधं आहे: कमी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून जागा मोकळी करतो. हे त्याचं ठरलेलं वागणं आहे आणि तुमच्या कोडने त्यासाठी तयार असावं अशी त्याची अपेक्षा असते.

व्ह्यू-मॉडेल हा पडद्याची माहिती सांभाळणारा भाग पडदा आडवा केल्यावर ती टिकवतो, पण अख्खं ॲप मारलं गेल्यावर नाही. तिथे थोडी माहिती बाजूला जपणारं सेव्ह्ड-स्टेट-हँडल लागतं. त्याहून खात्रीचं म्हणजे प्रत्येक रकाना सोडताना कच्ची नोंद डेटाबेसमध्ये लिहिणं. तपासायला डेव्हलपरच्या पर्यायांत पडदा सोडताच तो नष्ट करणारी एक सेटिंग आहे, ती चालू करून दिवसभर स्वतःचं ॲप वापरा. अख्ख्या ॲपच्या मरणाची चाचणी वेगळी करा: ॲप मागे ढकला, लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबीमधून ते मारा आणि अलीकडच्या ॲपांच्या यादीतून परत या. पहिल्यांदा बरंच काही कोसळेल.

फोटोचंही बघा. १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून लहान वाटतो, पण मेमरीत उघडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. यादीत असे पाच उघडले की जुना फोन हात टेकतो. साठवण्याआधी लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणा, पट्टीवरचे आकडे तेवढ्यातही स्वच्छ वाचता येतात.

आणि हे सगळं, म्हणजे डेटाबेस, फोटो, नेटवर्क, मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या कामाच्या धाग्यावर, करू नका. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे प्रत्येक वेळी तुमच्याकडे जेमतेम १६ मिलिसेकंद असतात. मुख्य थ्रेड अडकला आणि बोटाच्या स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही की "ॲप प्रतिसाद देत नाही" अशी पाटी येते. कोटलिनमध्ये असं काम मागे चालवायला कोरूटीन आहेत, ती पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या.

चूक वाचायला शिका

ॲप कोसळलं की लॉगकॅटमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या नोंदींच्या खिडकीत, शंभर लाल ओळी येतात आणि नवखी मुलं वरची ओळ कॉपी करून एआयला विचारतात. विचारा, पण आधी स्वतः दोन मिनिटं द्या. खाली जाऊन शेवटची "कॉज्ड बाय" ही ओळ शोधा, बहुतेकदा खरं कारण तिथे असतं. मग तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. फाइल आणि ओळीचा क्रमांक तिथेच लिहिलेला असतो. एआयने दिलेला कोड वापरायला हरकत नाही, पण जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती ॲपमध्ये ठेवू नका. वरची कांद्याची दोन गाड्यांची चूक कोणत्याही लाल ओळीत दिसली नव्हती, ती मला माझा कोड समजत होता म्हणून सापडली.

गिट, म्हणजे कोडचे बदल जपणारं साधन, पहिल्या दिवसापासून. रोज उठताना-बसताना लहान कमिट (बदलाची नोंद), मराठीत निरोप लिहिलात तरी चालेल: "गोल्टीचा रकाना घातला". सर्व्हरचे पासवर्ड आणि किल्ल्या गिटमध्ये कधीच नाहीत, आणि ॲपच्या आतही नाहीत. अँड्रॉइडची ॲप फाइल म्हणजे एक झिप असते, कोणीही उघडून आत बघू शकतं. गुप्त ठेवायचं ते सर्व्हरवर ठेवा.

आवारात जा

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला सकाळी लिलावाच्या वेळी जा, फोन तुमच्या माणसाच्या हातात द्या आणि स्वतः गप्प राहा. हे गप्प राहणं कठीण आहे. तो चुकीचं बटण दाबत असताना "ते नाही मामा, खालचं" असं तोंडाशी येतं. म्हणू नका, वहीत लिहा. उन्हात तुमचा फिका करडा मजकूर त्याला दिसत नाही. हाताला माती आहे, अंगठा जाड आहे, आणि तुमचं बटण नखाएवढं. अँड्रॉइडचा सल्ला किमान ४८ डीपीचा (डीपी हे पडद्यावरचं माप) आहे, मी ५६ ठेवतो. गाडी पुढे सरकतेय, मागून हॉर्न वाजतोय, अशा वेळी सात रकाने कोणी भरत नाही. मी तिथून आल्यावर फक्त तीन सक्तीचे ठेवले: बाजार समिती, वजन, भाव. बाकीचे घरी चहा घेताना.

परवानग्याही तेव्हाच मागा जेव्हा त्यांचं कारण समोर दिसतं. कॅमेऱ्याची परवानगी फोटोचं बटण दाबल्यावर. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाही विचारावं लागतं. संपर्कांची यादी मागू नका, तुम्हाला ती लागत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आपल्याकडेही झाला आहे, पण त्याच्याही आधी, मामांच्या फोनमधली नावं ही मामांची आहेत.

प्ले स्टोअरवर

खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलला दरवर्षी ९९. नवीन ॲप अँड्रॉइड ॲप बंडल या प्रकारातच द्यावं लागतं, जुन्या एपीके फाइलने चालत नाही. ॲप तुमचंच आहे हे ठरवणारी सहीची किल्ली गूगलच्या प्ले साइनिंगकडे सोपवा, आणि तुमच्या हातातली अपलोडची किल्ली दोन ठिकाणी जपून ठेवा. गोपनीयतेचं धोरण, कोणती माहिती घेता त्याचा फॉर्म, आणि ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते मिटवण्याची सोय, हे सगळं आधी तयार असू द्या.

एक अट अनेकांना शेवटच्या क्षणी कळते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला, ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी, किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. बारा जण वर्गातले मित्र घेऊ नका. ते ॲप उतरवतील आणि विसरतील. मी मामांच्या गावातले सात शेतकरी घेतले, दोन आडत्यांकडची मुलं, माझी आई, आणि मनमाडच्या मावशीकडचे दोघं. चौदा दिवसांत त्यांनी ज्या एकवीस गोष्टी सांगितल्या त्यातल्या सोळा मी दुरुस्त केल्या. उरलेल्या पाच अजून यादीत आहेत, त्यातली एक मामांची: चाळीत किती कांदा शिल्लक आहे तेही वहीने सांगावं.

पुढच्या आवृत्त्या एकदम सगळ्यांना देऊ नका. प्ले कन्सोलमध्ये टक्केवारीने सोडता येतं, आधी ५ टक्के, दोन दिवस कोसळण्याचे अहवाल बघा, मग वाढवा. डेटाबेसचा रकाना बदलला असेल तर जुन्या आवृत्तीवर खऱ्या नोंदी भरून त्यावरून नवी चढवून बघा. रूमला मायग्रेशन, म्हणजे जुन्या रकान्यांतून नव्यांत कसं जायचं ते, लिहून दिलं नाही तर ॲप उघडताच कोसळतं, आणि घाईत "जुनं पुसून नवं कर" ही सोय वापरलीत तर कोणाची तरी वर्षभराची वही जाते. अपडेट लिलाव बंद असतात त्या दिवशी सोडा, आणि त्या दिवशी फोन जवळ ठेवा.